स्वेटरची बाही

घरी कुणी वारलं की गावातल्या डॉक्टरला दोन निरोप येतात. पहिला पहाटे, ‘जरा बघून जा’. दुसरा दुपारनंतर, ‘दाखला लागंल’. पहिल्या निरोपाला आपण धावत जातो, पण धावून उपयोग नाही हे निरोप देणाऱ्याच्या आवाजावरूनच कळलेलं असतं.

निफाड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात गेली एकोणीस वर्षं माझा दवाखाना आहे. असे निरोप बारमाही येतात. तरी दिवाळी सरली, ऊसतोडीच्या कोप्या पडल्या, नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी उतरले, की माझा मोबाइल आमचे हे स्वतःच्या उशाजवळून उचलून माझ्या बाजूला ठेवतात. यावर आम्ही कधी बोललेलो नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला स्वेटर काढतात, तसंच ते.

सांगते तो दिवस भोगीचा होता. तीन-चार वर्षं झाली त्याला. पाच चाळीसला फोन वाजला.

“मॅडम, आण्णा उठंना.”

“श्वास चालू आहे का?”

पलीकडे थोडा वेळ नुसतीच कुत्री भुंकताना ऐकू आली. “तुम्ही या ना.”

स्कूटीवर जाणं शक्यच नव्हतं, गाडी काढली. काचेवरचं दव पुसलं तर पुन्हा धरत होतं. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे सूर्य उगवायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर येतं. त्या दिवशी साडेचार अंश होता. हा काही विक्रम नाही, २०१८ च्या डिसेंबरात तिथे दोनच्याही खाली गेला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा, आणि बागांच्या बांधाबांधाने शेकोट्या पेटलेल्या. एवढ्या गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते, उतरायला आलेले मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत जाळ करायचा, धूर धरायचा, ड्रिप सोडून विहिरीचं कोमट पाणी मुळांना द्यायचं. पाच-सहा लाखांचा माल वेलीवर असला की माणूस रात्रभर जागतो. धुक्यात तो धूर मिसळून रस्ता असा झाला होता, की वस्तीचं वळण मी एकदा चुकलेच.

घर चांगलं होतं, स्लॅबचं. आण्णा मात्र पडवीत झोपायचे. पडवीला वर पत्रा, दोन बाजूंना भिंत, तिसऱ्या बाजूला बागेतून उरलेलं हिरवं शेडनेट ताणलेलं, चौथी बाजू मोकळी. घरात जागा नव्हती असं नाही. रात्री तीनदा उठावं लागतं, खोकला येतो, पोरांची झोपमोड नको, म्हणून त्यांनी स्वतःच खाट बाहेर घेतली होती. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं अशीच बाहेर येतात. त्यांना कुणी हाकलत नाही. ‘बाहेर मोकळं वाटतं’ असं ती सांगतात आणि घरची ऐकतात.

खाटेवर दोन गोधड्या होत्या. पण खाट निवारीची, खालून अंथरूण म्हणजे एक जुनं पोतं आणि चादर. खालून येणारा गार वारा गोधडीला दिसत नाही.

थंड अंगाच्या माणसाला घाईने मेलेलं म्हणू नये, हे आम्हाला फार पूर्वी शिकवलेलं आहे. अंग फार गारठलं की नाडी इतकी मंद होते, की बोटांना लागतच नाही. म्हणून मी बराच वेळ स्टेथोस्कोप धरून बसले. बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. जबडा आवळायला लागला होता. कूस वळवून पाहिली, तर पाठीवर निळसर जांभळे डाग उतरलेले. मग उठले.

माई, म्हणजे आण्णांची बायको, खाटेच्या पायाशी बसली होती. रडत नव्हती. ती मला क्रमाने सांगत होती, आपली काही चूक झाली का हे तपासून घेतल्यासारखी. “चारला उठले. लघवीला जाऊन आले. म्हणे छातीवर दगड ठेवल्यावानी झालंय. मला वाटलं गॅस. ओवा दिला, गरम पाणी दिलं. कपाळ पुसलं त्यांचं. घाम होता हो मॅडम. एवढ्या गारठ्यात घाम. मग म्हणे बरं वाटू राह्यलं, तू नीज.”

गारठ्यातला घाम. तपासणीत ज्याच्यासाठी आम्ही दहा प्रश्न विचारतो ते माईने न विचारता सांगून टाकलं.

मुलगा पडवीच्या पायरीवर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला धुराचा वास. तो आत येत नव्हता. “रातभर बागेतच होतो मी,” तो म्हणाला. “बारा शेकोट्या केल्या.” मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “बारा होत्या, मॅडम.”

घरी येऊन चहा घेतला, आणि नऊच्या सुमाराला दुसरा फोन. आता गावातच, पार ओलांडून पलीकडच्या आळीत. “आजी येड्यावानी बोलू राह्यली. जीभ जड झालीय. अर्धांग आहे का बघा.”

ही आजी एकटी राहते. मुलगी नाशिकला, मुलगा नाही. ऐंशीच्या पुढची, पण स्वतःचं सगळं स्वतः करणारी. भोगीला डोक्यावरून अंघोळ करायची, पाण्यात तीळ टाकायचे, मग बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे तिच्याच तोंडून मी ऐकलेलं. तिने नेमाप्रमाणे पहाटे उठून केस धुतले होते. लाईट नव्हती म्हणून हिटर नाही. चुलीवर पाणी तापवायला बसली तर जळण दवाने ओलं. मग कोमट झालं तेवढ्यातच उरकलं. ओलं लुगडं तसंच आणि ओले केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हाची वाट बघत बसली. ऊन त्या दिवशी साडेनऊपर्यंत आलंच नाही.

मी पोचले तेव्हा शेजारच्या बायका तिच्या तळपायांना ब्रँडी चोळत होत्या. एकीच्या हातात चहाचा कप होता, आजीच्या तोंडाला लावायच्या बेतात. मी दोन्ही थांबवलं, आणि त्या बायकांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे मत दिसलं ते बरं नव्हतं.

आजी थरथरत नव्हती. हे मला आवडलं नाही. कुडकुडणं ही शरीराची शेगडी आहे. ती विझली, की समजावं सरपण संपलं. तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही हात सारखेच ढिले. बोलणं मात्र दारू प्यायल्यासारखं, मध्येच विचारलं, “आबा आले का बाजारातून?” आबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. मी पदराखालून पोटावर हात ठेवला. हातपाय गार असणं वेगळं. आजीचं पोट माठासारखं गार होतं. थर्मामीटर लावला, बीप वाजला, आणि पडद्यावर आकड्याऐवजी दोन इंग्रजी अक्षरं आली, ‘लो’. माझा थर्मामीटर नव्वद फॅरनहाइटच्या खाली मोजतच नाही. कंपनीने तो तापासाठी बनवलाय, त्यामुळे गारठलेल्या माणसापुढे तो हात टेकतो.

नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. अडतीस भरली. ओलं लुगडं कापून काढलं, कारण अशा माणसाला फार हलवायचं नसतं. गारठलेलं हृदय धसका खातं, जोरात उचललं-आपटलं तरी त्याची लय बिघडू शकते. कोरड्या गोधड्या, डोक्याला कानटोपी, काखेत आणि छातीशी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या. हातापायांना मुद्दाम काहीच नाही. तिथलं गारठलेलं रक्त एकदम मोकळं झालं तर ते गारच्या गार काळजाकडे जातं. ब्रँडीचंही तेच. ती कातडीतल्या नळ्या उघडते, माणसाला ऊब आल्यासारखं वाटतं आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर निघून जाते. हे सगळं मी त्या बायकांना नंतर समजावून सांगितलं. त्यांतल्या एकीने शांतपणे विचारलं, “मग आमच्या सासऱ्याला दरवर्षी कशी लागू पडते?” याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

१०८ ची गाडी पस्तीस मिनिटांत आली. आजी नाशिकला गेली आणि पाचव्या दिवशी चालत परत आली. पण ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा बाहेर बाकांवर गर्दी. थंडीत आमची ओपीडी म्हणजे खोकला, दमा, सांधे आणि भेगा. मी एकेक उरकत होते, पण डोक्यात आण्णांचा केसपेपर होता. दुपारी कंपाउंडरला म्हटलं, काढ तो.

आण्णांचं बीपी मी नऊ वर्षं सांभाळत होते. एप्रिलमध्ये कडक उन्हात त्यांना भोवळ आली, बीपी एकशे आठ भरलं, म्हणून मी अॅम्लोडिपिनची पाचाची गोळी अडीचवर आणली. योग्यच होतं ते. उन्हाळ्यात कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, म्हाताऱ्या माणसाला तीच गोळी जास्त होते. पेपरवर खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पावसाळ्यानंतर पुन्हा बघणे’.

पावसाळ्यानंतर आण्णा आले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खोकल्यासाठी. छाती तपासल्याची नोंद होती, सिरपचं नाव होतं. बीपीचा रकाना कोरा.

तो कोरा का राहिला हे मला पेपर हातात घेतल्या घेतल्या आठवलं. आण्णांनी आत गंजी, वर बंडी, वर सदरा, त्यावर सुनेने विणलेला पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर आणि वर घोंगडी असं सगळं घातलं होतं. स्टेथोस्कोप मी गळ्याकडून आत सरकवला. बीपीच्या पट्ट्यासाठी ती बाही दंडापर्यंत चढत नव्हती. सगळं काढायला सांगायचं, त्यांच्या दुखऱ्या खांद्यातून हात सोडवायचा, मोजायचं, परत घालायचं. बाहेर तीस माणसं. मी म्हटलं असणार, ‘पुढच्या वेळी बघू’. नक्की काय म्हटलं ते आठवत नाही, पण बाही आठवते.

मग मी एक गोष्ट केली जी करायला नको होती, किंवा आधीच करायला हवी होती. त्या महिन्याभरातले साठीच्या पुढचे सगळे केसपेपर काढायला लावले. उन्हाळ्यातल्या भेटींत बीपीचा रकाना बहुतेक भरलेला होता. अर्ध्या बाह्यांचे सदरे, मोकळे दंड, पट्टा लावायला दहा सेकंद. हिवाळ्यात रकानेच्या रकाने कोरे. ज्या ऋतूत बीपी चढतं, नेमकं त्याच ऋतूत मी ते मोजत नव्हते, आणि त्याचं कारण वैद्यकशास्त्रात कुठेही सापडणार नव्हतं.

थंडीने माणूस मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे लोकांना चुकीचं वाटतं. आजीसारखं अंग गोठून मरणारे थोडेच असतात. जास्त जातात ते आण्णांसारखे. कातडीला गार लागलं, की शरीर तिथल्या नळ्या आवळतं आणि रक्त आत ढकलतं. तेवढंच रक्त, कमी जागेत. बीपी चढतं. आत पाणी जास्त झालं असं समजून मूत्रपिंड ते बाहेर टाकायला लागतं, म्हणून थंडीत लघवीला वारंवार उठावं लागतं. पाणी गेलं की मागे उरलेलं रक्त दाट होतं, गुठळीला सोपं. पहाटे उठताना बीपी तसंही उसळी घेतं. त्यात ऊबेतल्या अंथरुणातून उठून उघड्या अंगणातून संडासाकडे जायचं. एखाद्या काळजाच्या नळीत आधीच चुनखडी साठलेली असेल तर तिला एवढं पुरतं.

१९८४ साली विल्यम कीटिंग या लंडनच्या शरीरशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. काही माणसांना सहा तास वाऱ्यात बसवलं. हवा किती गार? चोवीस अंश. आपल्याकडे चोवीसला पंखा लावतात. त्यांच्या शरीराचं आतलं तापमान जेमतेम हललं, पण रक्ताचा दाटपणा सरासरी एकवीस टक्क्यांनी वाढला आणि बीपी १२६ वरून १३८ वर गेलं. विद्यार्थी असताना मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आण्णांच्या केसपेपरवर बोट ठेवून बसले तेव्हा ते आकडे परत आठवले. पडवीत साडेचार अंश होते, आणि आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

शिवाय म्हाताऱ्या माणसाला गारठा कळतच नाही, हा आणखी एक घात. तरुणपणी हवा एक-दोन अंश उतरली तरी माणूस शाल ओढतो. वयाबरोबर ती जाणीव बोथट होते, मांस कमी होतं, कुडकुडायची ताकद जाते. ‘आम्हाला नाही बाई एवढी थंडी वाजत,’ असं म्हातारी माणसं कौतुकाने सांगतात. पूर्वी मीही ते कौतुकाने ऐकायचे.

संध्याकाळी पाचला आण्णांचा मुलगा दाखल्यासाठी आला. दहाव्यापर्यंत थांबणारे पुष्कळ असतात, कारण नोंदीला एकवीस दिवसांची मुदत असते. हा त्याच दिवशी आला. अग्नी देऊन, अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. मला वाटतं त्याला घरी बसवत नव्हतं.

घरी झालेल्या मृत्यूला फॉर्म ४-अ. पहिल्या भागात तीन ओळी. वरच्या ओळीत तात्काळ कारण, खाली त्यामागचं, त्याखाली त्याच्याही मागचं. वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहू नका असं आम्हाला दर प्रशिक्षणात सांगतात, कारण हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. तरी निम्मे दाखले तसेच असतात. मी लिहिलं: तीव्र हृदयविकाराचा झटका. खाली: उच्च रक्तदाब, नऊ वर्षं. तिसरी ओळ रिकामी. मग दुसरा भाग येतो, मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर महत्त्वाच्या बाबी. हा भाग मी सहसा कोराच सोडते. त्या दिवशी पेन तिथे थांबलं.

मुलाने ते पाहिलं. “थंडीनं झालं का, मॅडम?”

खरं उत्तर होतं, बहुतेक हो. पण ते लिहिलं की काय होतं हे मला माहीत होतं. थंडी लागून मृत्यू म्हणजे कागदोपत्री अपघात. अपघात म्हणजे नैसर्गिक मरण नाही. मग पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. आणि अग्नी तर दिला होता. एका शब्दापायी त्या घराला चौकीची पायरी चढावी लागली असती, आणि आण्णांना खरोखर हृदयविकाराचाच झटका आला होता. मी खोटं काहीच लिहीत नव्हते.

“वय होतं, बीपी होतं,” मी म्हटलं. “थंडीने भर घातली असेल.” आणि मग, स्वतःलाही न ठरवता, “गोळी मी एप्रिलमध्ये कमी केली होती. ती मला वाढवायला हवी होती. डिसेंबरात ते आले तेव्हा मी बीपी मोजलं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “तुम्ही कशाला. त्यांनाच सांगत होतो आत झोपा. ऐकायचे नाही.” दोघांनीही आपापला वाटा उचलायचा प्रयत्न केला आणि दोघांनीही दुसऱ्याला माफ करून टाकलं. त्यात आण्णा कुठेच नव्हते. मी दुसऱ्या भागात काही न लिहिता सही केली.

पुढे काही आठवड्यांनी माझा एक बॅचमेट इंग्लंडहून फोनवर होता. तिथे तो म्हाताऱ्या माणसांचाच डॉक्टर आहे. त्याला हा सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, आमच्याकडे याला नाव आहे आणि हिशेबही आहे. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांतले मृत्यू घ्यायचे, आधीच्या आणि नंतरच्या चार-चार महिन्यांची सरासरी त्यातून वजा करायची. उरतील ते हिवाळ्याचे जादा. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते विचारायचंच नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१७-१८ च्या हिवाळ्यात हा आकडा पन्नास हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी फ्लूही जोरात होता, पण फ्लू हादेखील हिवाळ्याचाच पाहुणा. १९९७ पासून तिथे पेन्शनरांना घर ऊबदार ठेवायला सरकार पैसे देतं, हेही त्याने सांगितलं, आणि पुढे म्हणाला, गंमत म्हणजे युरोपात हिवाळ्याने जास्त माणसं मारली जातात ती पोर्तुगाल-स्पेनकडे. फिनलंड-स्वीडनमध्ये कमी. त्यांची घरं थंडीसाठी बांधलेली आहेत.

मी पडवीचा विचार करत होते. आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. बारा महिन्यांतले दोन-अडीच महिने आम्ही जणू दुसऱ्याच कुणाच्या हवामानात काढतो.

आपल्याकडचा हिशेब मग मी शोधला. गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत देशभरात थंडी लागून साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू. हे ते, ज्यांचा पंचनामा झाला. रस्त्यावरचे, फुटपाथवरचे, स्टेशनबाहेरचे. दुसरीकडे देशभरातल्या मृत्यूंची घरोघर चौकशी करून झालेल्या एका अभ्यासात पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे विकार मिळून एका २०१५ सालात जवळपास दोन लाख मृत्यू थंडीच्या खात्यावर निघाले होते. तेही कडाक्याच्या नव्हे, बेताच्या थंडीच्या. या दोन आकड्यांमधली जी दरी आहे तिच्यात आण्णा आहेत, माझी सही आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच डॉक्टरांच्या सह्या आहेत. पेपरात मात्र पारा उतरला की बातमी द्राक्षांची येते, शेकोटीचा फोटो येतो. म्हातारी माणसं आतल्या पानावर, श्रद्धांजलीत. तीही लगेच नाही. काळजाचे जातात दोन-तीन दिवसांत, छातीचे दहा-बारा दिवसांनी. तोपर्यंत थंडीचा कडाका ओसरलेला असतो आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

त्यानंतर मी फार मोठं काही केलं नाही. नाशिकहून भिंतीवर लावायचे स्वस्तातले सहा थर्मामीटर आणले आणि ज्यांची खाट पडवीत आहे अशा सहा घरी लावले. पहाटे सहाला बघून सांगा म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना घरात अठरा अंश तरी असावेत म्हणते. आमच्या सहापैकी एकाही ठिकाणी बारा भरले नाहीत. दोन खाटा आत गेल्या. एका घरी सुनेने थर्मामीटर काढून देवघराजवळ लावला, कारण तिथे तो ‘चांगला आकडा दाखवतो’.

दुसरं म्हणजे, उन्हाळ्यात ज्यांची बीपीची गोळी कमी केली त्यांची यादी कंपाउंडरकडे वेगळ्या वहीत ठेवली. दसऱ्याला ती काढायची. आणि ओपीडीच्या दाराबाहेर एक जुना पडदा लावून आडोसा केला, आत इलेक्ट्रिक हिटर ठेवला. स्वेटर काढायचा तर तिथे. पहिल्या वर्षी लोक चिडले. कंपाउंडर जास्त चिडला.

गेल्या नोव्हेंबरात ती भोगीची आजी आली होती. गुडघ्यासाठी. बसल्या बसल्या मला म्हणाली, “गुडघा दुखतो माझा, दंड नाही.”

“काढा आजी.”

“अगं चोळी घट्ट आहे.”

“मग चोळीची बाही उसवू आपण.”

ती वैतागून पडद्यामागे गेली. बराच वेळ आतून पुटपुटणं ऐकू येत होतं, एक शाल, दुसरी शाल, सुनेचा जुना कार्डिगन. मला सून नाही, मग हा कार्डिगन कुणाच्या सुनेचा, असं स्वतःशीच म्हणत हसली पण. दंड बाहेर आला तेव्हा हिटरपुढेही तो गार होता. पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि पारा खाली येऊ दिला.

एकशे चौऱ्याहत्तर. मे महिन्यात तिचं एकशे बत्तीस होतं.